लाल पट्टी आधी!

लातूरच्या पोरांनी नाटकासाठी बंद गोदामात अपघात विभाग उभा करून प्रेक्षकांना खोलीखोलीतून फिरवलं, त्यावरचा हा लेख आवडला. मीही पाहिलाय प्रयोग. रुग्णांच्या मनगटाला लाल (सगळ्यात गंभीर), पिवळ्या, हिरव्या (किरकोळ) पट्ट्या बांधतात तो प्रवेश जबरदस्त! हिरव्या पट्टीचा म्हातारा 'माझा नंबर आधी होता' म्हणून भांडतो अन् डॉक्टरीण मानही न वळवता लाल पट्टीकडे पळते. आपल्याकडं कॅज्युअल्टीत दुसरं काय चालतं? फक्त बंद पडलेलं हृदय चालू करायला पुतळ्याची छाती दाबतात, त्याचा वेग फारच मंद. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल दाबावं लागतं. घाम फुटतो माणसाला. अन् १०८ च्या ॲम्ब्युलन्सची वाट बघण्यातला वेळ कुठंय नाटकात? तांड्यावरून जिल्ह्याला पोचेपर्यंतच निम्मा खेळ आटोपलेला असतो. पुढचा प्रयोग अंबाजोगाईला लावा, मेडिकलची पोरं तुटून पडतील.