परवान्याचे पेढे

आज दुपारी शाळा सुटायच्या थोडं आधी माझा एक जुना विद्यार्थी वर्गात आला. पाया पडला. हातात पेढ्यांचा अर्ध्या किलोचा पुडा. मला वाटलं भरतीत निघाला असेल, नाहीतर लग्न जमलं असेल. एक पेढा उचललासुद्धा. तेवढ्यात म्हणाला, "मॅडम, लायसन झालं." म्हटलं, "कशाचं रे? जेसीबीचं?" तर शर्टाखाली कमरेवर थाप मारून म्हणाला, "याचं, मॅडम. दीड वर्ष चकरा मारल्या. आज हातात पडलं."

पेढा माझ्या हातातच राहिला.

मी विचारलं, "तुला धोका कुणाचा आहे?" म्हणाला, "धोका कुणाचाच नाही मॅडम. पण असावं. वजन राहतं." पुढं म्हणाला, "बहिणीचं लग्न आहे वैशाखात, तोपर्यंत घेऊनच टाकतो." घेऊन टाकतो म्हणजे रिव्हॉल्व्हर. फ्रीज घ्यावा तसं बोलत होता.

हे लेकरू माझ्याकडं चौथीला होतं. खिचडी शिजली की आपल्यातली अर्धी डब्यात झाकून ठेवायचं, घरी धाकट्या बहिणीला न्यायला. मी रागवायचे, इथंच खा म्हणायचे, तरी न्यायचं. त्याच बहिणीचं आता लग्न आहे.

तो गेल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. संध्याकाळचा स्वयंपाक कसा केला ते मला ठाऊक नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

आमच्या घरात बंदूक होती. बारा बोअरची. आजोबांची, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. रझाकारांच्या वेळी गावावर रात्री लोक चालून आले तेव्हा घरात कुऱ्हाडीशिवाय काही नव्हतं, बायका-लेकरांना घेऊन ज्वारीत लपून बसावं लागलं. ती भीती नानांच्या मनातून कधी गेली नाही. पुढं दिवस बरे आल्यावर त्यांनी परवाना काढला आणि बंदूक घेतली. देवघराच्या भिंतीला दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली असायची. दसऱ्याला तिची पूजा व्हायची. मी तिला हळद-कुंकू वाहिलेलं आहे. शस्त्र घरात असण्याचा अभिमान काय असतो ते मला कुणी सांगू नये. मी त्या अभिमानात वाढले आहे.

आणि 1990 च्या वैशाखात आमच्या आत्याच्या लग्नात ती बंदूक वाजली.

मी चौथीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. वरात वेशीतून आली, हलगी लागली, आम्ही सगळ्या बायका-पोरी बघायला माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर. खाली ओट्यावरून पाहुण्यांच्या स्वागताला बार काढायचा होता. पहिला नीट वर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या बाराला नाचणारं कुणीतरी हाताला धडकलं आणि नळी कलली. एवढंच झालं. माझ्या शेजारी धाकटी काकू उभी होती, लग्न होऊन तिला सहा महिने झालेले. ती ओरडलीसुद्धा नाही. खाली बसली आणि डाव्या डोळ्यावर हात ठेवला. हातातल्या हिरव्या बांगड्यांवरून रक्त कोपरापर्यंत आलं. एकच छर्रा होता.

आता मला सांगा, यात वजन कुणाचं वाढलं?

आपल्या जिल्ह्याचं नाव यात किती गाजलं ते तुम्हाला सांगायला नको. 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि त्यानंतर बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने आहेत हे बाहेर आलं. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ फिरले, गुन्हे दाखल झाले, शंभरावर परवाने रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. सरपंचांना बंदुकीनं मारलं नव्हतं, मला माहीत आहे, उगं कुणी कमेंटमध्ये येऊन शिकवू नका. पण एवढे परवाने एका जिल्ह्यात झाले कसे? कुणाकुणाच्या शिफारशीनं झाले? हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळी झाली की माझ्या वर्गातली निम्मी पोरं आईबापाबरोबर कारखान्याला जातात. त्या कोयत्यांना परवाना कुणी मागत नाही आणि त्यांच्या जिवाच्या धोक्याचा अहवालही कुणी करत नाही. एवढ्या धोक्यात असलेली ही बाराशे माणसं मग कोण आहेत? रस्त्यात भेटतात तेव्हा तर दहा-दहा पोरं मागं असतात.

1959 चा शस्त्र कायदा आहे. परवान्याआधी पोलिसांचा अहवाल घ्यावा लागतो. 2016 च्या नियमांपासून शस्त्र चालवायचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्रही लागतं. पूर्वी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता यायची, 2019 च्या दुरुस्तीनं ती दोन केली. दोन! एका माणसाला दोन कशाला लागतात? आणि त्याच दुरुस्तीत परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. म्हणजे ज्याला एकदा मिळालं त्याच्याकडं पाच वर्षं कुणी वळून बघायचं नाही. पाच वर्षांत माणूस काय होतो? दारूला लागतो, कर्जात जातो, भावकीत कोर्टकज्जा सुरू होतो. आपल्याकडं बांधाच्या हातभर जमिनीवरून डोकी फुटतात. तिथं कमरेला रिव्हॉल्व्हर असला तर काय होईल, सांगायला पाहिजे का?

चांगलंही लिहिते. त्याच 2019 च्या दुरुस्तीनं लग्नात, मिरवणुकीत आनंदानं गोळीबार करणं हा वेगळा गुन्हा झाला. दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वाचलं तेव्हा मी काकूला फोन करून सांगितलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं माय." मग थोडं थांबून म्हणाली, "पण सांगल कोण?"

कारण आम्ही सांगितलं नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यात काकूला नेलं तेव्हा आमच्या घरच्या मोठ्या माणसांनी डॉक्टरांना काय सांगितलं माहीत आहे? फटाका लागला. काकूसमोर सांगितलं. तिच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्यानं ती सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती. तिनं मान हलवली. हो, फटाकाच. आत्याचं लग्न मोडू नये, घराची अब्रू जाऊ नये, परवाना जाऊ नये. एकोणीस वर्षांची पोर होती ती. डोळा गेला तो गेलाच. आम्ही कधी तिची माफीसुद्धा मागितली नाही, सगळे नुसते म्हणत राहिले, नशीब.

तर कायदा किती का चांगला असेना, घराघरात हे असं असतं. म्हणून मी म्हणते, रोखायचं तर परवान्याच्या टेबलावर रोखा. बार निघाल्यावर कुणीच सांगत नाही.

आता मला माहीत आहे कोण काय लिहिणार. शेतकऱ्याचं काय? रोही म्हणजे नीलगायी येतात, रानडुकरं येतात, एका रात्रीत हरभऱ्याचा खेळ करतात. खरं आहे. माझ्या भावाची तूर गेल्या साली निम्मी गेली, मी बघून आले आहे. पण त्यासाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय आहे, पीकरक्षणासाठी. ती मागणारा शेतकरी टेबलापर्यंत पोचत नाही. पोचतो तो जेसीबीवाला, प्लॉटिंगवाला, आणि त्याला ठासणीची नको असते, त्याला कमरेला लावता येईल अशी पाहिजे असते. रोही हाकलायला कुणी रिव्हॉल्व्हर काढत नाही.

दुसरं, गावठी कट्टे. परवाना बंद करून कट्टे थांबणार आहेत का? नाही थांबणार. मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या उमर्टीतून ते कसे येतात ते पेपरात कायम येतं. ते पोलिसांनी धरावेत, कडक धरावेत. पण चोर चोरी करतो म्हणून सरकारनं शिक्का मारून हत्यार वाटावं, हा कुठला न्याय?

आणि पेट्रोल पंपवाले, बँकेचे गार्ड, खरोखर ज्यांच्यावर हल्ले झालेत ते, त्यांना द्या. त्यांच्याविषयी माझं काही म्हणणं नाही.

बाकीच्यांना मला एकच विचारायचं आहे. निवडणूक लागली की आचारसंहितेत बहुतेकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. दीड-दोन महिने. गावात सगळ्यात जास्त तणाव त्याच दिवसांत असतो. मग त्या दिवसांत यांच्या जिवाचा धोका जातो कुठं? बिनबंदुकीचे हे दारोदार प्रचार करत फिरतातच ना? आणि निकाल लागला की धोका परत येतो आणि हे ठाण्यातून बंदूक सोडवायला पळतात. जो दोन महिने बंदुकीशिवाय जगू शकतो तो बारा महिने जगू शकतो.

नानांची बंदूकही अशीच जमा व्हायची. जुन्या धोतरात गुंडाळायचे, वरून गोणपाट, आणि एसटीनं तालुक्याला. येताना हातात नुसती पावती. 1991 च्या निवडणुकीला नाना असेच गेले, पावती घेऊन आले, ती देवाच्या फोटोमागं खोचली. निवडणूक झाली. नाना आणायला गेले नाहीत. पावसाळा झाला, दिवाळी झाली. कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "असू दे तिथंच." परवान्याचं नूतनीकरण केलं नाही. दोन खुंट्या मात्र राहिल्या. काकू पुढं त्यांच्यावर धुतलेल्या पिशव्या वाळत घालायची.

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक भाऊसाहेब सारखं अमेरिकेचं टाकतात. तिथं बघा, प्रत्येकाला हक्क आहे, 1791 पासून घटनेत लिहिलंय, म्हणून माणूस ताठ मानेनं जगतो. मला तिथलं एकच ठाऊक आहे. टेक्सासमधलं युवाल्डी. 24 मे 2022. अठरा वर्षांचा पोरगा, अठरा पूर्ण झाल्या झाल्या दुकानातून रीतसर रायफल घेतलेला, शाळेत शिरला. एकोणीस लेकरं आणि दोन शिक्षिका मारल्या. चौथीची लेकरं होती. माझाच वर्ग. आणि बंदूकवाले वाचवतात म्हणता ना? तिथं पावणेचारशे बंदूकधारी पोलीस गोळा झाले आणि पहिले आले त्यांना दारापलीकडं जायला तासाच्या वर लागला. त्या दिवशी रात्री मी माझ्या वर्गाचं हजेरीपत्रक घेऊन बसले होते. नावं मोजत होते. एकोणिसाव्या नावावर बोट ठेवलं आणि पुढं मोजवेना.

आपल्याकडं तसा हक्क नाही, परवाना ही सरकारची परवानगी आहे. ही आपल्या कायद्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट आहे आणि तीच आपण पेढ्यांवारी घालवायला निघालो आहोत.

मला त्या पोराचा राग येतोय का? दुपारी आला होता, फार आला होता. आता लिहिता लिहिता कमी झाला आहे. त्याला हे कुणी शिकवलं? चौकातल्या फ्लेक्सनी शिकवलं. तलवारीनं केक कापणाऱ्या भाऊंनी शिकवलं. कमरेचं दिसेल असा शर्ट वर करून काढलेल्या फोटोंना आपण 'किंग' लिहिलं, त्यानं शिकवलं. माझ्या यादीतल्या तिघांनी आज त्याच्या स्टेटसवर अभिनंदन लिहिलं आहे, त्यात एक शिक्षक आहेत. सर, तुम्ही हे वाचत असाल तर ते काढून टाका.

आणि मीही पेढा उचलला होता.

एक गोष्ट मी आजवर कुठं लिहिली नाही. त्या दिवशी माळवदावर कठड्याशी आधी मी उभी होते. गर्दी वाढली, मागून रेटा आला. काकूनं मला दंडाला धरून मागं ओढलं, "पडशील" म्हणाली, आणि माझ्या जागेवर ती उभी राहिली. तिची उंची जास्त, माझी कमी, माझ्या बाबतीत तो छर्रा कुठं बसला असता ते मी पस्तीस वर्षं मनात मोजते आहे.

आणि बार काढणारे काका होते. तिचे नवरे. वाईट माणूस नव्हते. नानांबरोबर तितराच्या पारधीला जायचे, बंदूक चांगली चालवायचे, त्यांना कुठलंही प्रमाणपत्र सहज मिळालं असतं. आपल्या बहिणीच्या लग्नाच्या आनंदात होते. त्या दिवसानंतर ते कधी कुठल्या वरातीत गेले नाहीत. स्वतःच्या मुलीच्या लग्नातही पाहुणे वेशीत आले तेव्हा गोठ्यात जाऊन बसले होते, मी बोलवायला गेले तर बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे. म्हणाले, "हलगी थांबली की येतो."

मघाशी काकूला फोन केला. पेढ्यांचं सांगितलं. मला वाटलं चिडेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लगीन झालंय का त्याचं?"

म्हटलं, "नाही. बहिणीचं आहे, वैशाखात."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला माझ्याकडं घिऊन ये. आईतवारी आण. मी बोलते त्याच्यासंगं."

मी त्याला दोनदा फोन लावला, उचलला नाही. सकाळी शाळेच्या आधी त्याच्या घरी जाणार आहे. पेढ्यांचा पुडा पिशवीत ठेवला आहे.