‘डिजिटल केलं की रात्रीची खरखर जाईल’ म्हणणाऱ्यांना

असल्या फिरत्या मेसेजांना उत्तर देत बसायला वेळ कुणाला आहे? पण हा आमच्या मामांपर्यंत पोचला. मामा रोज रात्री मीडियम वेव्ह लावणारा माणूस. मेसेज वाचला आणि त्यांनी रेडिओ कपाटात ठेवून दिला. म्हणे, ‘डिजिटल येतंच आहे, तोवर कानाला कशाला त्रास?’ आता मात्र लिहिणं भाग आहे.

मेसेज थोडक्यात असा : एएम रेडिओ (म्हणजे मामांचा मीडियम वेव्ह) रात्री खरखरतो, कारण त्याचे ट्रान्समीटर जुनाट झालेत. सगळी एएम स्टेशनं डिजिटल होताहेत. चालू प्रसारणाला जराही धक्का न लावता डिजिटल त्याच फ्रिक्वेन्सीवर बसतं. त्यामुळे हजार किलोमीटरवरचं स्टेशनसुद्धा रात्री एफएमसारखं स्वच्छ ऐकू येईल, तेही तुमच्या जुन्याच रेडिओवर. बाकीच्या जगाने तर एएम केव्हाच बंद केलं. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

एएम मेलंय की नव्याने जन्माला येतंय, हे लिहिणाऱ्याने आधी स्वतःशी ठरवायला हवं होतं. असो.

पहिला मुद्दा, जुनाट ट्रान्समीटर. दुपारी तोच ट्रान्समीटर असतो, तोच मनोरा, तीच पॉवर, आणि आवाज खणखणीत असतो. सूर्य मावळल्यावर तो अचानक म्हातारा होतो का? बदलतं ते आकाश. दिवसा सूर्यामुळे साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, ‘डी’ थर तयार होतो आणि मीडियम वेव्हच्या आकाशाकडे जाणाऱ्या लहरी गिळून टाकतो. म्हणून दिवसा ऐकू येते ती फक्त जमिनीलगत येणारी लहर, म्हणजे जवळपासची स्टेशनं. रात्री हा थर विरतो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरांवरून परततात आणि शेकडो, कधी हजारांवर किलोमीटर लांब जाऊन उतरतात. दूरचं स्टेशन लागतं ते यामुळे, आणि खरखर, शिट्ट्या, आवाज वरखाली होणं हेही यामुळेच. एकाच फ्रिक्वेन्सीवर दिवसा एकमेकांचा पत्ताही नसलेली स्टेशनं रात्री एकाच सुईवर येऊन आदळतात. अमेरिकेत कित्येक एएम स्टेशनांना सूर्यास्तानंतर पॉवर कमी करावी लागते, काहींना अँटेनाची दिशा बदलावी लागते, काहींनी तर रात्री गप्पच बसायचं असतं. उद्या कोरा ट्रान्समीटर बसवला तरी हे टळत नाही.

आता तो ‘जराही धक्का न लावता’ वाला मुद्दा. सगळ्या मेसेजमधला सर्वांत खोटा आणि सर्वांत घातक मुद्दा हाच, कारण हा प्रयोग होऊन गेला आहे आणि त्याचा निकाल कागदावर आहे.

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००२ मध्ये एएम स्टेशनांना हायब्रिड डिजिटलची परवानगी दिली. हायब्रिड म्हणजे मधोमध नेहमीचा ॲनालॉग आवाज आणि दोन्ही बाजूंना डिजिटल पट्टे. पण परवानगी फक्त दिवसापुरती होती. रात्र मुद्दाम वगळली होती, कारण आकाशातून परतणाऱ्या लहरींनी काय गोंधळ होईल याची धास्ती होती. रात्रीची मुभा मिळाली ती थेट सप्टेंबर २००७ मध्ये.

धास्ती कशाची, हे समजायला फार गणित लागत नाही. तिथे दोन शेजारच्या फ्रिक्वेन्सींमध्ये १० किलोहर्ट्झचं अंतर असतं. हायब्रिडमधले सर्वांत जोरकस डिजिटल पट्टे बसतात ते स्वतःच्या वाहक लहरीपासून, म्हणजे स्टेशनच्या मूळ फ्रिक्वेन्सीपासून, दोन्हीकडे १० ते १५ किलोहर्ट्झवर. म्हणजे तो पट्टा सुरूच होतो शेजाऱ्याच्या बरोबर मध्यावर आणि त्याचा अर्धा हिस्सा व्यापून टाकतो. स्वतःची जागा पुरत नाही म्हणून शेजाऱ्याच्या ओट्यावर संसार मांडायचा आणि वर म्हणायचं, कुणाला काही त्रास नाही! दिवसा हे खपून जातं, कारण लगतच्या फ्रिक्वेन्सी मुद्दामच लांबलांबच्या शहरांना दिलेल्या असतात. रात्री आकाश ते अंतरच पुसून टाकतं.

झालंही तसंच. बॉस्टनचं डब्ल्यूबीझेड १०३० किलोहर्ट्झवर, ५० किलोवॅटचं दांडगं स्टेशन. न्यूयॉर्क राज्यातल्या एव्हॉन गावचं डब्ल्यूवायएसएल १०४० वर, त्याच्या मानाने किरकोळ. मध्ये काही शे किलोमीटर. बॉस्टनचे डिजिटल पट्टे रात्री सुरू झाले आणि आपल्याच श्रोत्यांना आपलं स्टेशन नीट ऐकू येत नाही अशी तक्रार घेऊन छोट्या स्टेशनला कमिशनकडे जावं लागलं. साध्या रेडिओवर हा पट्टा ऐकू येतो तो सलग ‘श्श्श’ असा. बोलणं नाही, गाणं नाही, नुसता फवारा. पुढे अनेक स्टेशनांनी रात्रीचं हायब्रिड आपणहून बंद केलं. तेव्हा जी खरखर जावी म्हणून मामांनी रेडिओ उचलून ठेवला, तीच वाढवणारा उपाय हा मेसेज ‘धक्का न लावता’ म्हणून विकतो आहे.

यात अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करतो. ॲनालॉग पूर्णपणे काढून टाकलं आणि स्टेशन संपूर्ण डिजिटल केलं, तर सिग्नल आटोपशीर होतो आणि शेजाऱ्याला हायब्रिडइतका छळत नाही. मेरीलँडमधल्या फ्रेडरिकचं डब्ल्यूडब्ल्यूएफडी, ८२० किलोहर्ट्झ, २०१८ पासून प्रायोगिक परवान्यावर असं चालवलं गेलं. कमिशनने ऑक्टोबर २०२० मध्ये सगळ्याच एएम स्टेशनांना ही वाट ऐच्छिक म्हणून मोकळी केली. सक्ती नाही, आणि ‘सगळी स्टेशनं डिजिटल होताहेत’ असं तर मुळीच नाही. फ्रेडरिकच्या त्या स्टेशनची पॉवर बघा : दिवसा ४.३ किलोवॅट, रात्री ४३० वॅट. डिजिटल झाल्यावरसुद्धा रात्री दहावा हिस्सा. शिवाय असं स्टेशन साध्या रेडिओवर लावलं की पुन्हा तो ‘श्श्श’च.

‘जुन्याच रेडिओवर लागेल’ हा मुद्दा तिथेच निकालात निघाला. डिजिटल सिग्नल उलगडणारा वेगळा डिकोडर सेटमध्ये असावा लागतो. आकाशवाणीने डीआरएम या डिजिटल रेडिओ पद्धतीचे ३५ मीडियम वेव्ह ट्रान्समीटर उभे केले, पण डीआरएम ऐकायला डीआरएमचाच सेट हवा. ट्रान्समीटर आहेत आणि ऐकणारे घरगुती सेट मोजके, हेच तर त्या पद्धतीचं जुनं दुखणं.

राहिलं हजार किलोमीटरवरचं स्वच्छ स्टेशन. शॉर्टवेव्हवर डीआरएमने लांबचा आवाज खरोखर स्वच्छ येतो, हे खरं. आकाशातून वेगवेगळ्या वाटांनी थोडं मागेपुढे पोचणारे सिग्नल सांभाळून घेण्याची सोय त्यात केलेली आहे. पण मीडियम वेव्हवर रात्रीचं खरं दुखणं गर्दीचं आहे. डिजिटलला आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा अमुक इतका वरचढ सिग्नल लागतो. त्याच्या खाली गेलं की आवाज थोडासा बिघडत नाही, थेट जातो. ॲनालॉगचं तसं नाही. बातम्या वाचणाऱ्याचा आवाज बुडतो, वर येतो, मध्येच दुसऱ्या भाषेतलं गाणं डोकावतं, तरी कान चार शब्द पकडून वाक्य जुळवतोच. दूरचं स्टेशन ऐकण्याची सगळी गंमत आणि बराचसा उपयोग या अर्धवट ऐकू येण्यात आहे. डिजिटलमध्ये अर्धवट असं काही नसतंच. आपल्या हक्काच्या परिसरात ते छान चालेल, पण काठावरच्या माणसाला, म्हणजे रात्री लांबचं धुंडाळणाऱ्याला, सर्वांत आधी बाहेर काढेल.

‘जगाने एएम बंद केलं’ हे बऱ्याच अंशी खरं आहे, युरोपापुरतं. जर्मनी आणि फ्रान्सच्या सार्वजनिक प्रसारकांनी २०१५ अखेरपर्यंत मीडियम वेव्ह सोडलं, रशियाने त्याआधीच मोठी छाटणी केली. पण त्यांनी एएम ‘डिजिटल केलं’ नाही. जर्मनी-फ्रान्स तर ते दुकान बंद करून डीएबी प्लस या वेगळ्याच डिजिटल रेडिओ पद्धतीवर आणि इंटरनेटवर गेले. कुणी नॉर्वेचं २०१७ चं उदाहरण देईल, तर ते यात गैरलागूच, तिथे राष्ट्रीय वाहिन्यांनी सोडलं ते एफएम. आणि डीएबी चालतं २०० मेगाहर्ट्झच्या आसपास. त्या लहरींना आकाश रोजच्या रोज परत पाठवत नाही, त्यामुळे रात्री हजार किलोमीटर वगैरे विसरा. उलट २०२३ मध्ये अमेरिकेत नव्या मोटारींमधून एएम काढायला निघालेल्या फोर्डला निर्णय फिरवावा लागला, आणि प्रत्येक मोटारीत एएम हवंच असं विधेयक तिथल्या संसदेत आलं. संकटकाळात दूरवर पोचतं हे त्याचं मुख्य कारण. गंमत अशी, की युरोपातली जितकी स्टेशनं गप्प झाली तितकी उरलेल्यांना रात्री जागा मोकळी झाली. मीडियम वेव्हची रात्र सुधारायची तर ती अशी, गर्दी कमी होऊन.

आणि तुमच्या सेटमधली सगळीच खरखर आकाशातून येत नाही. काही येते मोबाइल चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर यांच्यातल्या स्विचिंग सर्किटांमधून. रेडिओ सेलवर चालवा आणि चार्जर एकेक करून सॉकेटमधून काढून बघा. मग सेट जागच्या जागी हळूहळू फिरवा. आत फेराइटची कांडी आडवी असते, तीच मीडियम वेव्हची अँटेना. तिचं टोक ज्या दिशेला असतं तिकडून येणारा सिग्नल जवळजवळ नाहीसा होतो. नको असलेल्या स्टेशनकडे किंवा खरखरणाऱ्या दिव्याकडे ते टोक करा. बाहेरची टेलिस्कोपिक अँटेना ओढून काही होणार नाही, ती एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते.