मनगटातून अँजिओग्राफी केल्याने हात ‘जातो’ का?

कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायटी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मनगटातून अँजिओग्राफी करू नका, हात कायमचा निकामी होतो. मांडीतूनच करा.’ हे चूक आहे. अगदीच हवेतलं मात्र नाही.

मनगटातली धमनी जेमतेम २-३ मिलिमीटरची. नळी घातल्यावर ती आखडू शकते, काहींची नंतर बंदही पडते. पण तळहाताला करंगळीच्या बाजूची दुसरी धमनीही रक्त पुरवते, त्यामुळे बहुतेकांना कळतसुद्धा नाही. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये ही पद्धत मांडली. मांडीच्या तुलनेत रक्तस्राव कमी, म्हणून आज मनगटाला पसंती. (लगेच उठून चहा पिता येतो, हे आमच्या सासऱ्यांचं कारण.) सासऱ्यांच्या मनगटावर रक्त थांबवायला हवा भरलेला पारदर्शक पट्टा होता. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत काळानिळा. पुढे पिवळा पडून डाग गेला.

पण हात टणक सुजत चालला, बोटं गार, पांढरी किंवा बधिर पडली, कळ वाढतच गेली, तर सकाळची वाट बघू नका. रक्त वाहू लागलं तर जागा घट्ट दाबून धरा आणि १०८ लावा. किडनीचा आजार असेल तर आधीच सांगा. डायलिसिससाठी ही धमनी राखून ठेवावी लागते.