तुर्की भुतांना हसण्याची पथ्ये

जुने तुर्की भयपट लावून चारचौघांत हसायचं ठरवलंच असेल, तर सिनेमा अख्खा बघू नका. दोन मिनिटांची क्लिप पुरते. अख्खा बघायला बसलं की माणूस मध्येच कुठेतरी गुंततो आणि संध्याकाळ वाया जाते.

सुरुवात १९७४च्या 'शेयतान'पासून करावी. पोरीच्या अंगात शिरलेला सैतान पाद्री उतरवतात, तो हॉलिवूडचा 'एक्सॉर्सिस्ट' आदल्याच वर्षी आलेला. तुर्कांनी त्यातले प्रसंगामागून प्रसंग उचलले, वर त्यातलं 'ट्यूब्युलर बेल्स'चं संगीतही. इथे "ढापलंय!" असं मोठ्यानं ओरडायचं. आपल्या लाडक्या हिंदी गाण्यांच्या चाली कुठून आल्या, हा विषय त्या दिवशी निघता कामा नये.

काय ढापलं नाही, तिकडे मात्र चुकूनही बघू नका. क्रूस गायब आहे. त्याच्या जागी सैतानाचं मुंडकं असलेला, पाकिटं फोडायचा सुरा. चर्चच्या पवित्र पाण्याऐवजी मक्केच्या झमझम विहिरीचं पाणी. इस्तंबूलची श्रीमंत, आधुनिक आई पोरीला घेऊन डॉक्टरांचे उंबरे झिजवते आणि शेवटी गोष्ट पोहोचते मशिदीत. तुर्कस्तानच्या निधर्मी प्रजासत्ताकाला पन्नास वर्षं होऊन गेलेली. अशा घरात सैतान शिरला तर बोलवायचं कुणाला? हा प्रश्न डोक्यात येऊ लागला की ताबडतोब पोरीच्या मेकअपकडे नजर वळवा. तो खरोखरच वाईट आहे.

पैशाच्या गोष्टी तर अजिबात नकोत. येशिलचाम म्हणजे तुर्कांचं बॉलिवूड; ही मुळात इस्तंबूलच्या बेयोग्लू भागातली एक गल्ली, तिथल्या कचेऱ्यांतून १९७२ साली तीनशेच्या आसपास सिनेमे निघाले. त्या काळात प्रांतोप्रांतीचे वितरक आगाऊ पैसे देत, म्हणून नट कोण घ्यायचा हेही तेच सांगत. कच्ची फिल्म महाग, तेव्हा रीटेकचे लाड नाहीत. शूटिंग मुकं, आवाज नंतर स्टुडिओत भरायचे. हे सगळं कळलं की थोडी कीव येते, मग कौतुक वाटू लागतं, आणि हसायला आलेल्या माणसाला कौतुक परवडत नाही.

कुणी १९५३चा 'द्राकुला इस्तंबूलदा' काढलाच, तर टकल्या ड्रॅक्युलावर एक विनोद मारून पुढे सरका. तिथेही क्रूस नाही, सगळी भिस्त लसणावर. धुकं करायचं यंत्र नव्हतं म्हणून सेटवरची माणसं सिगारेटी ओढून धूर सोडत होती, असं सांगतात. मला विचाराल तर पडद्यावर ते धुकं धुक्यासारखंच दिसतं, पण हे मत तुम्ही स्वतःजवळ ठेवा.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे श्रेयनामावली. 'शेयतान'चा दिग्दर्शक मेतिन एर्कसान. याच माणसाच्या 'सुसुझ याझ'ला १९६४ साली बर्लिन चित्रपट महोत्सवात सुवर्ण अस्वल, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळालं होतं: गावातलं पाणी अडवून बसलेला शेतकरी, त्याचा धाकटा भाऊ आणि भावाची बायको यांची गोष्ट. मराठवाड्यातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही. असा दिग्दर्शक दहा वर्षांनी भूत उतरवायच्या कामाला का लागला, हे मंडळींतला एखादा शहाणा विचारणारच. त्याच्या हातात वेफर्सची बशी द्या आणि आवाज वाढवा.