रोलर फिरवण्याआधी सायलेन्सरचा आवाज मोजा की

गेल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर परत तसलाच व्हिडिओ आला, पोलिसांनी जप्त केलेले मोठ्या आवाजाचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडलेत आणि त्यांच्यावरून रोडरोलर जातोय. काकांचं लगेच, "बरं झालं, यांना हेच पाहिजे." आणि माझा मावसभाऊ पेटला, म्हणे दादा तू सांग, तिकडे जर्मनीत सर्रास गाड्या मॉडिफाय करतात ना, मग आपल्याकडेच काय प्रॉब्लेम आहे. दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

काकांचं चुकत नाहीये. फटाके फोडणारी बुलेट रात्री साडेअकराला खिडकीखालून गेली की झोपलेलं बाळ दचकून उठतं, आजारी माणसाच्या छातीत धडधडतं, त्यावर कारवाई व्हायलाच पाहिजे.

पण मावसभावाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्याकडे जुनी ऑक्टेव्हिया आरएस आहे, 1.8 टर्बो, 150 हॉर्सपॉवर, जिवापाड जपलेली. तिचा मागचा सायलेन्सर आतून सडला. जुन्या गाडीत हे होतंच, कारण पेट्रोल जळताना पाणी तयार होतं आणि जवळच्या छोट्या फेऱ्यांमध्ये पाइप नीट तापत नाही, मग ते पाणी मागच्या डब्यात साचून पत्रा खातं. ओरिजिनल मिळेना म्हणून त्याने स्टेनलेसचा बनवून घेतला. मी सुट्टीत बसलोय त्या गाडीत, आवाज थोडा जाड झालाय पण मोठा अजिबात नाही. तरी त्याला दोनदा अडवलं, टेलपाइप जाड दिसतो म्हणून. आवाजाचा मीटर कोणीच काढला नाही.

आता माझं सांगतो. माझी 1996 ची बीएमडब्ल्यू 328आय, सरळ सहा सिलिंडरवाली, तिचाही डबा असाच गेला. इकडे जर्मनीत गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या कागदावरच लिहिलेलं असतं की उभ्या गाडीचा आवाज किती डेसिबल आणि तो कितव्या आरपीएमला मोजायचा. मायक्रोफोन टेलपाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, 45 अंशात. त्या मॉडेलसाठी पास झालेला, ई-मार्कवाला (म्हणजे युरोपातल्या मंजुरीचा शिक्का असलेला) सायलेन्सर असेल तर सरळ लावा, नसेल तर इन्स्पेक्टरकडून तपासून कागदावर चढवून घ्या, नाहीतर गाडी रस्त्यावर चालवायची परवानगीच जाऊ शकते. वर दर दोन वर्षांनी तपासणी आहेच.

मी आधी आरपार जाळीचा, आत वूल भरलेला सायलेन्सर लावला होता, कागद वगैरे सगळे बरोबर. ऐकायला मस्त होता, पण सहा सिलिंडरचं इंजिन 2000 आरपीएमला सेकंदाला 100 ठोके देतं, आणि नेमकं त्याच्या आसपास एका स्पीडला गाडी धरली की केबिनमध्ये असा घुमारा उठायचा की तासाभरात डोकं धरायचं. बाहेरच्याला काही त्रास नाही, आतल्याला सगळा. शेवटी तो काढला आणि मोठ्या आकाराचा, आत कप्पे असलेला घेतला, मधला रेझोनेटर, म्हणजे घुमारा कमी करणारा छोटा डबा, तसाच ठेवला. आता ॲक्सिलरेटर दाबला की सूर लागतो आणि एरवी गप्प. पॉवर वाढली का? मला तरी काही जाणवलं नाही, टर्बो नसलेल्या इंजिनात नुसता मागचा डबा बदलून फारसं काही मिळत नाही, आणि जो मिळतं म्हणून सांगतो त्याच्याकडून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. टर्बो गाडीला मोकळ्या पाइपचा थोडा तरी फायदा होतो.

म्हणजे "तिकडे सगळे मॉडिफाय करतात" हे अर्धंच खरं, करतात पण मोजून करतात. आणि इकडे सगळं आलबेल आहे असंही नाही हं. एक्झॉस्टमधली झडप उघडून गर्जणाऱ्या महागड्या गाड्या कंपनीतूनच पास होऊन येतात, डोंगराळ रस्त्यांवरची गावं उन्हाळ्यात बाइकच्या आवाजाने हैराण असतात. शेजारी ऑस्ट्रियात टिरोलच्या काही रस्त्यांवर 2020 पासून उन्हाळ्याच्या महिन्यांत, कागदावर 95 डेसिबलच्या वर आकडा असलेल्या बाइकना बंदीच आहे. हळू चालवणाराही त्यात भरडला जातो, ते मला पटत नाही, पण निदान त्याला आपला आकडा आधीपासून माहीत असतो.

आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत. आवाजाचे नियम मोडले तर दहा हजारांपर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. शिक्षा कडक आहे, पण पीयूसीला धूर तपासतात, आवाज नाही. मग प्रामाणिक माणसाने आपली गाडी नियमात बसते की नाही हे कुठून जाणून घ्यायचं? पीयूसीच्या मशीनशेजारी आवाजाचा मीटर ठेवा, कंपनीने मॉडेल पास करताना दिलेला आकडा आरसीवर छापा, जो त्याच्या वर जाईल त्याचा डबा खुशाल रोलरखाली घाला, काकांसोबत मीही टाळ्या वाजवीन.

तोवर भावा, जुना सडलेला डबा भंगारात देऊ नकोस, नवीन का लावला याचा तोच पुरावा आहे. आणि कोणी कितीही सांगितलं तरी कॅटला, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, हात लावायचा नाही.