गंगापूर भरलं, पण येवल्याच्या विहिरीचं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

ओढे यंदा लवकर आटताहेत, गावागावांनी विहिरींची पातळी दर आठवड्याला लिहून ठेवावी, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया ज्यांच्या वाचनात आली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा आधी सांगतो. गंगापूर, दारणा भरली आहेत, गोदावरीत विसर्ग चालू आहे, अशा वेळी दुष्काळाचं नाव काढणं म्हणजे शेतकऱ्याला घाबरवणं, असं तुमचं म्हणणं. भूजल खातं विहिरी मोजतंच, मग गावाने वेगळ्या कशाला मोजायच्या? शेजाऱ्याने मोटर लावली की आपलं पाणी खाली जातं, त्या आकड्याला अर्थ काय? आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, "मोजून पाणी वाढत नाही. उलट आकडे सरकारच्या हाती गेले की उद्या बोअरवर बंदी येईल." तुमची शेती येवला तालुक्यात, पालखेड डाव्या कालव्याच्या शेवटाकडे आहे. तेव्हा तिथलीच जमीन डोळ्यांपुढे ठेवून लिहितो.

धरणांपासून सुरू करू. नाशकात पूर किती आला हे आपण गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, की पेपरात फोटो येतो आणि जिल्हाभर समज होतो की पाऊस झाला. ते पाणी पडलेलं असतं त्र्यंबकच्या डोंगरात आणि घाटमाथ्यावर. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो आणि तुमच्याकडे, नांदगावकडे, सिन्नरच्या पूर्व भागात पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच, पण पावसाच्या हिशेबात हे दोन वेगळे मुलूख आहेत. शिवाय रामकुंडावर जे पाणी दिसतं ते गंगापूरच्या दरवाजातून किती सोडायचं या निर्णयाचं पाणी आहे. त्यावरून चांदवडच्या डोंगराखालच्या जमिनीत ओल किती उरली हे कसं कळणार?

भरलेलं धरणही सगळं आपलं नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून खाली पाणी द्यावं लागतं. २०२३ च्या नोव्हेंबरात ते द्यावं लागलं. मग सप्टेंबरात पेपरात आलेल्या टक्केवारीवर टोकाच्या शेतकऱ्याने रब्बीचं पूर्ण गणित बांधावं का? कालव्याची आवर्तनं, म्हणजे पाणी सोडायच्या पाळ्या, किती आणि कधी हे ठरायलाच दिवाळी उजाडते.

म्हणून माझा जोर ज्यांच्या वर धरण नाही अशा ओढ्यांवर आहे. अंकाई-टंकाईच्या पायथ्याचे, चांदवडच्या डोंगररांगेतून उतरणारे, सिन्नरला वावीकडचे. पाऊस थांबल्यावर वरून धावून आलेलं पाणी थोड्या दिवसांत निघून जातं. त्यानंतरही ओढा वाहत असेल तर ते पाणी काठांतून, मुरमातून पाझरून आलेलं भूजल असतं. ओढा दिवाळीआधीच तुटला, म्हणजे नुसती डबकी राहिली, तर समजावं की आजूबाजूची भूजलपातळी ओढ्याच्या तळाखाली गेली आहे. ओढा आणि विहीर हे एकच पाणी दोन ठिकाणी मोजणं आहे. ओढ्यात ते लवकर दिसतं, इतकाच फरक.

आणि मोजायला मोठं यंत्र लागत नाही. रस्त्याच्या मोरीतून धार पडत असेल तर पंधरा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघायचं. पाच सेकंदांत भरली तर सेकंदाला तीन लिटर. क्युसेकमध्ये बोलायचं तर एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. धार बादलीत मावत नसेल तर सरळ पात्राचे दहा मीटर आखून घ्यायचे, वाळकी काटकी सोडायची, वेळ घ्यायची. रुंदी, सरासरी खोली आणि वेग यांचा गुणाकार करून त्याचे ८५ टक्के धरायचे, कारण तळाशी पाणी हळू चालतं. दर आठवड्याला तीच जागा, तीच पद्धत. बंधाऱ्याला फळ्या टाकल्या की खालचा प्रवाह एकदम तुटतो, तेव्हा त्या दिवसाची नोंद वहीत हवीच, नाहीतर नंतर वाचणारा फसेल.

आता भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेबद्दल. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात उभी राहिलेली ही यंत्रणा आहे आणि तिच्या कामाबद्दल मला आदर आहे. राज्यात चार हजारांच्या आसपास निरीक्षण विहिरी, दीड हजारांहून जास्त पाणलोट. वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत पातळी घेतात, मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात आणि त्यावरून टंचाईचा अंदाज देतात. राज्यात गावं मात्र चाळीस हजारांवर. तुमच्या गावात निरीक्षण विहीर असेलच असं नाही, आणि असली तरी ऑक्टोबरनंतरचा आकडा थेट जानेवारीत. आपल्याकडे या दोन आकड्यांच्या मधेच सगळं घडतं.

का, ते आपल्या खडकात आहे. माझ्या लेखात हा भाग थोडक्यात आला होता, आणि तुमचे बहुतेक प्रश्न इथेच येऊन मिळतात. नाशिक जिल्हा बेसाल्टवर बसला आहे, लाव्ह्याचे थरांवर थर. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (सच्छिद्र, मऊसर खडक), खाली काळा पाषाण. पाणी धरतो तो मुरूम आणि झिजलेला, भेगाळलेला थर. काळ्या पाषाणात पाणी असतं ते फक्त भेगांमध्ये. झिजलेल्या थरातसुद्धा वापरता येण्याजोगं पाणी आकारमानाच्या एक ते तीन टक्के. दोन टक्के धरा. एका हेक्टरखालची पातळी एक मीटर उतरली तर हाती किती येतं? दहा हजार घनमीटर खडकातून दोनशे घनमीटर पाणी, म्हणजे दोन लाख लिटर. आणि एक एकर कांद्याला दोन इंचाचं एक पाणी द्यायचं तर लागतात तेही दोन लाख लिटर. अडीच एकराखालचा एक मीटर खर्च झाला तेव्हा एका एकराचं एक भरणं झालं. उन्हाळ कांद्याला अशी बारा ते पंधरा भरणी लागतात. ठिबक, तुषारने ती कमी होतात, पण हिशेब काय आहे ते दिसावं म्हणून सांगितलं.

त्यातही वरचा मीटर आणि खालचा मीटर सारखे नसतात. पातळी मुरमात आहे तोवर एक मीटर उतरायला बरेच दिवस लागतात. ती मुरूम सोडून पाषाणात शिरली की तेवढ्याच उपशाला मीटर झपाट्याने जातात. रात्रभर पाझर येऊनही सकाळी विहीर आदल्या दिवसाइतकी भरत नाही. "पाणी अचानक गेलं" असं आपण फेब्रुवारीत म्हणतो. ज्याने दर आठवड्याला परस (पुरुषभर खोलीचं जुनं माप) किंवा फूट लिहून ठेवले असतील त्याला हा उतार नोव्हेंबरातच दिसतो. वर्षातून चार वेळा मोजणाऱ्याला तो दिसणं शक्य नाही, मग तो कितीही प्रामाणिक असो.

"मोजून पाणी वाढत नाही" हे तुमचं वाक्य म्हणूनच मला इतकं महत्त्वाचं वाटलं. खरं आहे, थेंबभरही वाढत नाही. पण उन्हाळ कांद्याचं रोप आपण ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतो, लागवड डिसेंबर-जानेवारीत. बियाणं, रोप, मजुरी, खत, सगळा पैसा जानेवारी संपायच्या आत मातीत गेलेला असतो, आणि विहीर उत्तर देते मार्चमध्ये, कांदा पोसायच्या वेळी. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्याचं तेच. ऑक्टोबर छाटणीची पाण्याची गरज कशीबशी भागते, पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होताना पाणी नसेल तर पुढच्या वर्षीचा मालही जातो. तीन एकर कांदा लावायचा की एक एकर कांदा आणि बाकी एक-दोन पाण्यांवर येणारा हरभरा, हा निर्णय ज्या पंधरवड्यात घ्यायचा त्याच पंधरवड्यात विहिरीचा उतार हातात हवा. पाणी न वाढवताही घरचा पैसा वाचतो तो इथे.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. बागलाणात मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याला पाणी किती, याचा अंदाज घेऊन यंदा कोणत्या फडात, म्हणजे शिवाराच्या कोणत्या भागात, कोणतं पीक हे सगळे मिळून ठरवायचे, आणि वाटप पाटकरी बघायचा. आधी पाणी, मग पीक. विहिरी झाल्या, मोटरी आल्या, आणि हा निर्णय एकेकट्याचा झाला. एकेकट्याला खालचं पाणी दिसत नाही म्हणून मी वहीचा आग्रह धरतो.

सरकारी जाहीरनाम्याची वाट बघू, असंही तुम्ही सुचवलंत. २०२३ चंच घ्या. तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो ३१ ऑक्टोबरला. जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि तुमचं येवला त्यात होतं. राज्यातल्या आणखी हजारावर महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर व्हायला नोव्हेंबर उजाडला. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पावसाबरोबर पेरणी, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, मातीतली ओल आणि धरणसाठा, भूजल, नदीप्रवाह हे सगळं तपासायचं असतं, त्याला वेळ लागणारच. जाहीरनाम्याचा उपयोग सवलतींसाठी आहे आणि तो मोठा आहे. रोप टाकायचं की नाही यासाठी मात्र तो उशिरा येतो. आणि तो तालुक्याचा किंवा मंडळाचा असतो. सिन्नरचा पश्चिम भाग आणि वावीकडचा भाग एका सरासरीत बसवले की दोघांचंही खरं चित्र हरवतं.

शेजाऱ्याच्या मोटरीचा मुद्दा बरोबर आहे, आणि त्यावर उपायही सोपा आहे. पहाटे, वीज यायच्या आधी किंवा मोटर बंद होऊन बरेच तास झाल्यावर मोजायचं. कठड्यावर रंगाची एक खूण करायची आणि दर वेळी तिथूनच टेप सोडायचा, कठड्याची उंची वजा करायची. रात्रपाळीची वीज असेल त्या आठवड्यात तसं लिहायचं. बोअरचा आकडा विहिरीच्या आकड्यात कधीही मिसळायचा नाही, कारण चारशे फुटांवरच्या भेगेतलं पाणी आणि मुरमातलं पाणी यांची वागणूक वेगळी. तुमच्यासाठी आणखी एक: कालव्याचं आवर्तन आलं की लाभक्षेत्रातल्या विहिरी चढतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. ते कालव्यातून झिरपलेलं पाणी आहे. आवर्तन सुटलेल्या आणि बंद झालेल्या तारखा वहीत नसतील तर टोकाच्या गावाची वही दिशाभूल करेल.

बंदीच्या भीतीला मी हलकं समजत नाही. २००९ च्या भूजल अधिनियमात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, आणि त्याआधीच्या १९९३ च्या कायद्यापासून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाजवळ पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला मनाई आहे. हे कायदे तुमच्या वहीवाचून आधीच झाले आहेत. कोणता पाणलोट अतिशोषित हे ठरतं ते यंत्रणेच्या स्वतःच्या मोजणीतून आणि उपशाच्या अंदाजांतून. गावाकडे स्वतःची नोंद नसेल तर त्या अंदाजावर बोट ठेवायला गावाकडे काहीच नसतं. तरीही खासगी विहिरीचा आकडा मालकाच्या नावाने कुठेही लावू नये या मताचा मी आहे. चावडीवर लावायचा तो गावाच्या विहिरीचा आणि ओढ्याचा. बाकी ज्याचं त्याच्या घरात.

एवढ्यावरही एखादी विहीर मोजायला घ्यायचीच तर कुठली, असं तुम्ही विचारलंत. कालव्यापासून शक्य तितकी लांब, ओढ्याच्या जवळ, आणि जिच्यावर आता मोटर नाही अशी. नळयोजना आल्यावर वापरातून गेलेली गावविहीर बऱ्याच ठिकाणी असते, ती उत्तम. तिच्यासोबत कालव्याजवळची एक, म्हणजे दोन्हींतला फरक दिसेल. सुरुवात पहिलं आवर्तन सुटायच्या आधी व्हायला हवी, नंतर मूळ पातळी मिळणार नाही. नोव्हेंबर अखेरपर्यंतचे आकडे तुम्ही मला पाठवलेत तर रोपाच्या लागवडीआधी आपण दोघे मिळून ते वाचू, आणि माझं म्हणणं तुमच्या शिवारात खोटं ठरलं तर तसं इथेच लिहीन.