कॉमर्सच्या मुलांना कॅल्क्युलस कशाला? एका सीए वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

सीए साहेब, नमस्कार.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एकदाही डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर, म्हणजे त्या जागी आलेखाच्या रेषेचा चढ) काढावा लागला नाही, एफवायबीकॉमच्या मुलांच्या माथी इंजिनीअरिंगचं गणित मारण्यापेक्षा त्यांना जीएसटी, टॅली, एक्सेल शिकवा, आणि सिद्धता न देता नुसती सूत्रं घोकून घेणं हे धड गणितही नाही. तुमच्या भाचीला याच पेपरात एटीकेटी लागली, हेही तुम्ही लिहिलंत.

आधी भाचीबद्दल. आपल्याकडे कॉमर्सची मुलं अकरावीलाच ‘मॅथ्स की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस)’ ठरवून मोकळी होतात. मॅथ्सवाल्यांचं बारावीत डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन होऊन जातं. एसपीवाल्यांचं गणित दहावीलाच सुटलेलं असतं. एफवायला दोघं एकाच वर्गात येतात आणि फळ्यावर थेट डेरिव्हेटिव्हचे नियम येतात. हा अन्यायच आहे, आणि त्याबद्दलचा तुमचा राग मला पूर्ण पटतो. पण त्यावर उपाय म्हणून विषयच काढून टाका, हे पटत नाही.

तुम्हाला डेरिव्हेटिव्ह लागला नाही, कारण मार्जिनल कॉस्टिंगमध्ये आपण दर नगामागचा बदलता खर्च कायम धरतो. म्हणजे खर्चाची रेषा सरळ. सरळ रेषेचा चढ सगळीकडे सारखाच, मग तो पुन्हा कशाला काढायचा? रेषा वाकली की मात्र ‘अजून एक नग केला तर किती?’ याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं येतं. आणि मागणीच्या बाबतीत तर रेषा सरळ असली तरी गोष्ट फिरते. वर्गात मी मुंबईच्या बेस्ट बसचं उदाहरण घेते, तेच इथे मांडते.

साध्या बसचं किमान भाडं जुलै २०१९ मध्ये ८ रुपयांवरून ५ वर आलं, आणि मे २०२५ मध्ये ५ चं १० झालं. मुलांना विचारते, ८ चे ५ झाले म्हणजे किती टक्के घट? ३७.५. आणि ५ चे परत ८ केले तर? ६० टक्के वाढ. तेच दोन आकडे, तेच तीन रुपये! आता प्रवासी धरू. हे आकडे माझे, गणितापुरते: ८ रुपयांना १०० जण, ५ रुपयांना १३०. मागणीची लवचिकता म्हणजे भाडं एक टक्का बदललं तर प्रवासी किती टक्के बदलतात; उतरताना मोजली तर ती ०.८ येते, चढताना जेमतेम ०.३८. वर्गात हमखास भांडण होतं, खरं उत्तर कुठलं? मग मी म्हणते, तीन रुपयांऐवजी एक पैसा बदला. आठवरून एक पैसा खाली या, परत वर जा. टक्केवारीतला फरक जवळजवळ संपतो. लिमिट ते हेच. वर्गात मी एप्सिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या) करत नाही, आणि या मुलांना त्याची गरज आहे असं मला वाटतही नाही. पण ही कल्पना त्यांच्या हाताला लागलीच पाहिजे. मग कळतं की वरची दोन्ही उत्तरं बरोबर होती: एक आठ रुपयांवरची लवचिकता, दुसरी पाच रुपयांवरची. लवचिकता त्या त्या बिंदूची असते.

खरी गंमत पुढे आहे. या आकड्यांत प्रवासी = १८० − १० × भाडं. उत्पन्न म्हणजे भाडं गुणिले प्रवासी. त्याचा डेरिव्हेटिव्ह १८० − २० × भाडं. उत्पन्नाच्या शिखरावर चढ नसतो, म्हणून तो शून्य धरला की भाडं ९ रुपये, उत्पन्न ८१०. बरोबर तिथेच लवचिकता १ होते. इथवर एक्सेलही येतं. पण आता ८ आणि १० शेजारी ठेवून बघा: दोन्हीकडे उत्पन्न ८००. गल्ला तोच, पण एकीकडे बसमध्ये १०० माणसं, दुसरीकडे ८०. आणि ९ वरून ८ वर आलं तर दहा रुपये जातात आणि दहा माणसं वाढतात. शिखराजवळ डेरिव्हेटिव्ह शून्याच्या आसपास असतो, म्हणून तिथे भाडं थोडं कमी ठेवायला फारसं काही मोजावं लागत नाही. ज्याला हे दिसलं, तो ‘भाडेवाढ अटळ आहे’ हे वाक्य ऐकून गप्प बसणार नाही. तुमचा वक्र दाखवा, म्हणेल. बीएला अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेतलेल्या मुलांना हे कळणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि हे इंजिनीअरिंगचं उरलंसुरलं नाही. ऑग्युस्तँ कुर्नो या फ्रेंच गणितज्ञाने १८३८ मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला होता: खनिज पाण्याच्या झऱ्याचा मालक, उत्पादनखर्च काही नाही, मग उत्पन्न सर्वाधिक व्हायला पाण्याची किंमत किती ठेवावी? डेरिव्हेटिव्ह घेऊन शून्य, आपल्यासारखंच.

टॅली, जीएसटी शिकवाच, त्याला माझी ना नाही. पण ती कामं मुलं आर्टिकलशिपमध्ये तुमच्यासारख्यांच्या हाताखाली शिकतात. हे तिथे कोणी शिकवणार नाही.

घोकंपट्टीवर मात्र आपलं एकमत आहे. ‘डीवाय बाय डीएक्स काढा’ एवढंच विचारणारा पेपर पोरांना यंत्र बनवतो. वरचं गणित पेपरात देऊन ‘८ ठेवाल की १०, आणि का?’ असं विचारायला काय हरकत आहे?

भाचीला सांगा, एटीकेटीच्या तयारीत नियम पाठ करायच्या आधी ५ ते १० रुपये भाड्याचा तक्ता हाताने भरायचा: प्रवासी, उत्पन्न आणि दर रुपयामागे उत्पन्नातला फरक. मग ग्राफपेपरवर काढायचं. अडलं तर इथेच प्रश्न टाकू दे, मी उत्तर देईन.